‘सैल सोडा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

वाचकाचं पत्र :

नमस्कार. माझं वय ४१. सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, राहायला सिडकोत. महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटीची, त्यात आता ऑडिट. त्रिमूर्ती चौकातून पपया नर्सरीपर्यंतच्या गर्दीतून रोज स्कूटरने जाणं-येणं. संध्याकाळी खांदे दगडासारखे होतात, डोक्याला पट्टा आवळल्यासारखं दुखतं आणि सकाळी उठते तेव्हा जबडा अवघडलेला असतो. उजव्या हाताच्या बोटांना रात्री कधी कधी मुंग्या येतात. डॉक्टरांनी बीपी, शुगर, थायरॉईड तपासलं. सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका म्हणाले. मोबाइलवर लावून शवासन करून पाहिलं. ‘शरीर सैल सोडा’ ऐकलं की मला उलट धडधडायला लागतं, मी उठून बसते. घर दोन खोल्यांचं, मुलगी दहावीला, दिवसा आडवं पडायची सोय नाही. सैल सोडायचं म्हणजे नेमकं करायचं काय?
– एक वाचक, सिडको, नाशिक

ता. क. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. बीपीची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात. हे त्यांना करता येईल का?

उत्तर :

ताई, ‘सैल सोडायचं म्हणजे नेमकं करायचं काय?’ हा तुमचा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि खरी अडचण तिथेच आहे. आपण काय धरून ठेवलंय हे ज्याला कळतं, त्यालाच ‘सैल सोडा’ ही सूचना पाळता येते. तुमचे खांदे सकाळी दहापासून कानांकडे चढलेले असणार. तुम्हाला ते जाणवतात मात्र संध्याकाळी, दुखायला लागल्यावर. मधल्या आठ तासांत त्यांची खबरबातच नसते. धरल्याचंच कळत नसेल, तर सोडणार काय? म्हणून सुरुवात उलट्या टोकाने करायची. आधी मुद्दाम, हलकेच आवळायचं, मग एकदम सोडायचं आणि या दोन्हींत काय फरक पडला तो लक्ष देऊन बघायचा. व्यायाम एवढाच आहे. तो बिघडतो मात्र बारीकसारीक गोष्टींत, म्हणून उत्तर लांबणार आहे.

ही पद्धत शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांची. त्यांनी ती १९२९ मध्ये सविस्तर मांडली. त्यांचं मूळ शिक्षण फार संथ होतं. रोजची तासाभराची बैठक, त्यात शरीराचा एखादाच भाग, असे कित्येक महिने. १९७३ मध्ये डग्लस बर्नस्टाइन आणि थॉमस बोर्कोवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तिची १६ भागांची आटोपशीर रीत तयार केली. आज अनेक ठिकाणी शिकवतात ती हीच किंवा हिच्यावर बेतलेली. इथे दिलेली रीतही तिच्यावरूनच घेतली आहे, पण तुमच्या तक्रारी पाहून काही भाग गाळले आहेत आणि काही बदलले आहेत.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. हातापायांच्या, खांद्यांच्या स्नायूंना मज्जातंतूंकडून एकच हुकूम मिळतो, ‘आवळ’. ‘सैल हो’ असा वेगळा हुकूम स्नायूपर्यंत येत नाही. आवळण्याचा हुकूम थांबला की स्नायू आपोआप सैल पडतो. म्हणजे सैल होणं ही करायची गोष्ट नाही, चाललेलं काहीतरी थांबवायची गोष्ट आहे. ‘मी आता सैल होणारच’ म्हणून नेट लावला, तर तो नेटही कुठल्यातरी स्नायूतच जातो, बहुधा कपाळात आणि जबड्यात. आणि थोडाच पण तासन् तास आवळलेला स्नायू का दुखतो? त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दबून राहतात, रक्त पुरेसं खेळत नाही. फाइलींचा गठ्ठा एकदा उचलून ठेवला तर खांदा दुखत नाही. रिकामा हात दिवसभर माउसवर उचलून धरला की दुखतो.

ताण शरीरात कुठे बसतो हे आपल्या भाषेला कधीचंच ठाऊक आहे. जीव मुठीत धरून, दातओठ खाऊन, कपाळाला आठ्या घालून, मान मोडून काम करतो आपण. निकालाच्या दिवशी पोटात गोळा येतो. मूठ, जबडा, कपाळ, मान-खांदे, पोट : व्यायामात ज्या भागांवरून जायचं, त्यांची ही जवळजवळ पूर्ण यादी आहे.

आता तुमच्या धडधडीबद्दल. तुमचं काही चुकलं नाही, तुम्हाला काही विचित्र झालेलंही नाही. सैल होऊ लागल्यावर काहींची अस्वस्थता उलट वाढते आणि हे जाणकारांच्या चांगल्या परिचयाचं आहे. एरवी कामाच्या गडबडीत न जाणवणारे हृदयाचे ठोके डोळे मिटून आडवं पडलं की ऐकू येतात. अंग जड वाटतं, हातांत ऊब येते, कधी तरंगल्यासारखं होतं. हे सगळं अनोळखी असतं, म्हणून मन ‘काहीतरी गडबड आहे’ अशी हाकाटी करतं. त्यावर तीन उपाय आहेत. डोळे उघडे ठेवायचे. बसून करायचं. आणि सुरुवातीला सगळं शरीर न घेता फक्त हात घ्यायचे. हातांपुरतं सैल होणं बहुतेकांना भिववत नाही. दोन खोल्यांच्या घरातली आडवं पडायची अडचणही यातच सुटते. शवासन वाईट आहे असं मुळीच नाही. फक्त त्यात पहिल्या मिनिटापासून सोडायचंच असतं, आणि तुम्हाला आधी धरलेलं ओळखायला शिकायचं आहे.

बसायला पाठ टेकणारी साधी खुर्ची घ्या. प्लास्टिकचीही चालेल, पण डुगडुगणारी नको. ती सावरण्यातच पाय आवळले जातात. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. चष्मा आणि घड्याळ काढा, सलवारची नाडी सैल करा. जेवल्यावर लगेच बसू नका, झोप लागेल. ऑफिसात करणार असाल तर डबा खाण्याआधी करा. थंडीत खांद्यावर शाल घ्या. निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत गार फरशीवर पाय ठेवून अंग सैल होत नाही, कारण कुडकुडणं म्हणजेच आवळणं. पायांखाली जाजम किंवा गोधडी असू द्या. शांतता मिळेल याची वाट पाहू नका. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असताना शिकलेलं कौशल्य ऑफिसातही उपयोगी पडतं.

पहिला आठवडा फक्त हात. एरवी ज्या हाताने लिहितो त्यापासून सुरुवात करतात. तुम्ही डाव्यापासून करा, उजव्या हाताच्या मुंग्यांचं कारण खाली येईलच. हात मांडीवर, तळवा वर. डाव्या हाताची मूठ करा. किती घट्ट? ओली चादर पिळताना लागतो तेवढा जोर नको. भरलेली कढई सांडशीने उचलताना जी पकड असते, तिच्याही निम्मी पुरे. मनगट सरळ ठेवा, आत वळवू नका. पाच सेकंद धरा आणि तेवढ्या वेळात बघा, आवळल्याचं नेमकं कुठे जाणवतंय? बोटांत? कोपराखालच्या मांसल भागात? अंगठ्याच्या मुळाशी? श्वास चालू ठेवा.

मग सोडा. हळूहळू बोटं उलगडत नाही, एकदम. बाजारातून आणलेली जड पिशवी ओट्याशी पोचल्यावर सुटते तशी. बोटं जिथे पडतील तिथे पडू देत, हात नीट मांडून ठेवू नका. हळूहळू सोडणं म्हणजे आणखी काही सेकंद थोडं थोडं धरून ठेवणंच. त्यात आवळलेलं आणि सुटलेलं यांतला फरक पुसट होतो, आणि आपल्याला तर तो फरकच ओळखायला शिकायचंय.

आता ३० ते ४० सेकंद काही करायचं नाही. हा वेळ लोक हमखास खातात. सोडलं, झालं, पुढचा हात. वास्तविक सगळा ऐवज या अर्ध्या मिनिटात आहे. मूठ सुटली तरी हात पूर्ण सैल झालेला नसतो. काहीतरी बारीक धरलेलं मागे राहतं, ते आपल्याला एरवी कळत नाही. दहा-पंधरा सेकंदांनी, बहुतेक वेळा श्वास सोडताना, हात आणखी थोडा मांडीत रुतल्यासारखा होतो. उरलेला ताण तो हाच. दिवसभर खांद्यांत आणि जबड्यात बसून असतो तोही याच जातीचा. पहिले दोन-चार दिवस हे जाणवलं नाही तरी घाबरू नका, जाणवतंय असं स्वतःला पटवूही नका. सहा-सात सावकाश श्वास होईपर्यंत नुसतं हाताकडे लक्ष ठेवा. सेकंद मोजत बसण्यापेक्षा श्वास मोजणं सोपं जातं.

त्याच हाताने हे एकदा परत करा, मग उजवा हात दोनदा. सगळं मिळून तीन मिनिटं. सकाळी एकदा, संध्याकाळी घरी आल्या आल्या एकदा. हात गरम वाटला, जड किंवा किंचित झिणझिणल्यासारखा वाटला तर ते चांगलंच आहे. धडधडायला लागलं तर डोळे समोरच्या एखाद्या वस्तूवर ठेवा, कॅलेंडरवर, खिडकीच्या गजावर, आणि तो दिवस तिथेच थांबवा. दुसऱ्या दिवशी परत हातांपासूनच.

दुसऱ्या आठवड्यात खांदे आणि तोंड जोडायचं. तुमच्या दृष्टीने हाच गाभा आहे.

खांदे कानांकडे उचला, पण निम्म्या वाटेपर्यंतच. कानाला टेकवायचे नाहीत. पाच सेकंद. यात दोन गोष्टी हमखास होतात. हनुवटी पुढे येते आणि श्वास कोंडला जातो. हनुवटी गळ्याकडे किंचित ओढलेली राहू द्या. श्वास कोंडला जातोय का हे कळायला धरलेल्या वेळात हळू आवाजात ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ म्हणा. बोलता येतंय म्हणजे श्वास चालू आहे. मग खांदे टाकून द्या. पडल्यावर थांबा. तीन-चार श्वासांनंतर ते अजून बोटभर खाली येतील. हे दुसरं उतरणं ज्या दिवशी स्वच्छ जाणवेल, त्या दिवशी निम्मं काम झालं असं समजा. खांदे गोल गोल फिरवू नका, मानेला हिसके देऊन कटकट आवाज काढू नका. तो वेगळा प्रकार आहे, त्याचा इथे उपयोग नाही. मान आम्ही यादीतून मुद्दाम वगळली आहे. मान मागे ढकलून आवळताना चूक झाली तर चक्कर येऊ शकते किंवा जुनं दुखणं वाढू शकतं. खांदे उतरले की मानेवरचा बराचसा भार तसाही कमी होतो.

कपाळासाठी भुवया वर उचला, पाच सेकंद, आणि सोडा. डोकं दुखत असेल त्या दिवशी अगदी नावाला उचला. डोळे गच्च मिटण्याचा व्यायामही याच पद्धतीत आहे. कॉन्टॅक्ट लेन्स असतील, काचबिंदू असेल किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर तो टाळायचा. तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

जबड्याचं मात्र उलटं आहे. सर्वसाधारण सूचना असते, दात आवळा आणि सोडा. तुम्ही दात आवळू नका. सकाळी जबडा अवघडतो याचा अर्थ झोपेत तुम्ही ते काम करतच असाल. त्याऐवजी जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला लावा, ओठ मिटलेले, दात एकमेकांना न टेकलेले, आणि जिभेने टाळूवर पाच सेकंद हलका दाब द्या. सोडा. जबडा स्वतःच्या वजनाने खाली येऊ देत, तोंड किंचित उघडलं तरी चालेल. ही ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर अशी ठेवण म्हणजे जबड्याची विश्रांतीची जागा. चावताना आणि गिळताना सोडलं तर दिवसभरात दातांना दात लागायचं कारणच नाही. आत्ता हे वाचताना तुमचे दात टेकलेले आहेत का, बघा.

तिसऱ्या आठवड्यात पोट आणि पाय. पोटाला कुणी बोट टोचणार आहे असं समजून पाच सेकंद हलकं आवळा. सोडल्यावर ते पुढे येऊ द्या, पूर्ण. चारचौघांत पोट आत ओढून बसायची सवय इतकी पक्की असते की एकटं असतानाही ते सुटत नाही, आणि पोट धरलेलं असलं की श्वास छातीतच घुटमळतो. हर्निया, पोटाचं ताजं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर हा भाग करायचा नाही. पायांसाठी टाच जमिनीवर ठेवून चवडा स्वतःकडे उचला. इथे फक्त तीन सेकंद. चवडा खाली दाबून पोटरी आवळू नका, त्याने गोळा येतो. आलाच तर गुडघा सरळ करून बोटं स्वतःकडे ओढा आणि सुटेपर्यंत तसंच धरा.

म्हणजे डावा हात, उजवा हात, खांदे, कपाळ, जबडा, पोट, पाय असे सात भाग, प्रत्येक दोनदा. दहा मिनिटांच्या आत होतं. उठताना घाई नको. मनात चारपासून उलटं मोजा. चारला पाय हलवा, तीनला हात, दोनला मान जराशी, एकला नजर खोलीभर फिरवा. मग उभ्या राहा.

ज्या दिवशी ऑडिटवाले येऊन बसलेत त्याच दिवशी पहिल्यांदा करून पाहिलं तर यातलं काही चालणार नाही. पोहायला शिकतात ते गोदेला पूर आल्यावर नव्हे. बऱ्या दिवशी, रोज, दोन वेळा, निदान तीन आठवडे केल्यावर ते वाईट दिवशी हाताशी येतं. ‘आज फरक पडला का’ असं रोज तपासूही नका. वहीत आधी आणि नंतर शून्य ते दहा असा आकडा टाका आणि पानं पंधरा दिवसांनी उलटून पाहा.

हा आकडा कसा लावायचा? नाशिककराला हे सांगायला नको. पावसाळ्यात गोदावरी चढली की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी गुडघ्याला आहे, कमरेला आहे की गळ्याशी आलंय. तुमचा दुतोंड्या मारुती म्हणजे कान आणि खांदा यांतलं अंतर, आणि दात. खांदे खाली आणि दात सुटे असतील तर पाणी पायाशी. दात टेकलेत, खांदे किंचित वर आहेत तर गुडघ्याशी. संध्याकाळचा तो डोक्याचा पट्टा म्हणजे गळ्याशी आलेलं पाणी. गळ्याशी आल्यावर दहा मिनिटांत ते उतरवता येईल असं आम्ही सांगणार नाही, फार तर कमरेपर्यंत येईल. गुडघ्याशी असताना दिसलं तर अर्ध्या मिनिटात उतरतं.

म्हणून महिनाभराने पुढची पायरी. आवळणं गाळायचं. नुसतं खांद्यांकडे लक्ष न्यायचं, श्वास सोडताना मनात ‘सोड’ म्हणायचं आणि उरलेलं उतरू द्यायचं. हात, खांदे, जबडा या क्रमाने अर्धं मिनिट पुरतं. आठवण राहायला कॉम्प्युटरच्या कडेला एक टिकली चिकटवा, मोबाइलच्या मागे एक आणि घरी ओट्यासमोरच्या टाइलवर एक. टिकली दिसली की खांदे आणि दात तपासायचे. दिवसातून पंधरा-वीस वेळा. चार-पाच दिवसांनी टिकली दिसेनाशी होते, कारण नजर सरावते. तेव्हा तिची जागा किंवा रंग बदला. पोळ्या लाटताना, फोन कान आणि खांदा यांत धरून बिलं शोधताना, पोर्टल गोल गोल फिरत असताना तुमचे खांदे सगळ्यात वर असणार असा आमचा अंदाज आहे. तिथे आधी बघा.

स्कूटरवर काय? चालू गाडीवर काहीही करायचं नाही. लक्ष रस्त्यावर. सिग्नलला पाय जमिनीवर टेकला की हँडलची पकड बघा. बहुतेक वेळा गाडी थांबलेली असते आणि हात अजून ती चालवत असतात. बोटं ढिली करा, खांदे उतरवा, हेल्मेटच्या आत दात सुटे करा. डोळे उघडेच. पर्स एकाच खांद्याला लटकवत असाल तर ती डिकीत ठेवा.

आता या व्यायामाच्या बाहेरचं. रात्री बोटांना मुंग्या येतात त्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत असतील आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातून जाणारी नस दबत असण्याची शक्यता आहे. ती टेन्शनने होत नाही आणि सैल सोडून जात नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर रात्री मनगट दुमडून झोपू नका आणि उजवी मूठ अगदी हलकी आवळा. मुंग्या करंगळीकडे असतील तर कारण कोपरात किंवा मानेत असू शकतं, त्यासाठीही तपासणीच हवी. जबड्यासाठी दाताच्या डॉक्टरांकडे जा. दातांच्या कडा झिजल्या आहेत का ते त्यांना दिसतं, आणि गरज असेल तर ते रात्री घालायचं कव्हर करून देतात. झोपेतलं दात खाणं दिवसाच्या व्यायामाने पूर्ण थांबेल याची खात्री देता येत नाही. दिवसाचं थांबतं, हा आमचा अनुभव.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, घाम, दम लागणं, हे एकत्र आलं तर खुर्चीत बसून श्वास मोजू नका, १०८ ला फोन करा. अचानक, आजवर कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यालाही तेच. आणि जर झोपच उडाली असेल, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, दोन-दोन आठवडे हे चालू असेल, तर तो खांद्यांचा प्रश्न राहत नाही. १४४१६ हा सरकारी टेलि-मानस सेवेचा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरांच्या ‘टेन्शन घेऊ नका’बद्दल एवढंच म्हणू : तपासण्या त्यांनी योग्य केल्या, पण तो सल्ला पाळता येण्यासारखा नाही. २० तारीख पुढे सरकत नाही. १९ तारखेला रात्री आठ वाजता खांदे कुठे असावेत, एवढं मात्र तुमच्या हातात येऊ शकतं. कामच माणसांच्या मानाने जास्त असेल तर ते साहेबांना आकड्यांत सांगा, किती बिलं, किती तास. शरीर सैल असताना हे बोलणंही जरा सोपं जातं.

सासूबाईंना जरूर करता येईल. काही फेरफार करा. आवळणं अगदी हलकं, तीन सेकंदच, आणि प्रत्येक वेळी मोठ्याने आकडे म्हणायला लावा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी तेवढ्यापुरतं चढतं, ते टळेल. गुडघ्यांवर जोर येईल असं काही नको. चवडा उचलणं जमत असेल तर तेवढंच, दुखलं तर पाय गाळा. हात, खांदे आणि जबडा पुरेत. कवळी असेल तर जिभेचा दाब देण्याआधी ती काढून ठेवू देत. बीपीची गोळी या व्यायामाच्या भरवशावर बंद किंवा कमी करायची नाही. दहा मिनिटं शांत बसल्यावर आणि त्यात गोळी चालू असताना झटकन उठलं तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, म्हणून उठण्याआधी मिनिटभर पाय हलवायचे आणि खुर्चीच्या हाताला धरून उठायचं. पहिले काही दिवस तुम्ही दोघी समोरासमोर बसून करा. खांदे दुसऱ्यांदा उतरतात का, हे समोरचीला आधी दिसतं.